डावा पाय

पंचावन्नाव्या वर्षी, हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने, एका फुटबॉल संघाच्या पराभवासाठी रात्रीचे जेवण टाकावे काय, हा प्रश्न आमच्या घरात बरीच वर्षे गाजला. सौभाग्यवतींचे मत असे की, शाळेचा दहावीचा निकाल घसरला तेव्हासुद्धा मी दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या होत्या. मत चुकीचे नाही. निकालाची कारणे मला ठाऊक असतात, सुधारण्याचे उपायही थोडेफार हाती असतात. दूरदर्शनच्या पडद्यावर आपला बचावपटू डुलक्या घेत असेल तर त्याला छडी दाखवायची सोय नसते!

हा संघ म्हणजे हैदराबादचा. ऐकणाऱ्याला नवल वाटते. एम. ए. मराठी झालेला माणूस, घरात मराठी, नातीगोती वणी, पांढरकवडा, किनवटला. आणि संघ मात्र हैदराबादचा? क्रिकेटमध्ये मी मुंबईचाच. पण फुटबॉल मला वडिलांकडून वारशात मिळाला, आणि वारसा काही आपण निवडत नाही. तो सातबाऱ्यासारखा असतो, आहे त्या गटात आणि आहे त्या बांधासकट घ्यावा लागतो.

वडील १९५० नंतरची काही वर्षे हैदराबादला शिकायला होते. आदिलाबाद तेव्हा हैदराबाद राज्यात. गावाकडून आलेल्या या मुलाला शहरात दोन गोष्टींनी वेड लावले, एक इराणी चहा आणि दुसरी सिटी पोलिसांचा फुटबॉल संघ. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. मुंबईला जायचे, चषक उचलायचा आणि परत यायचे, जणू दर वर्षीची पंढरीची वारी. वडील ते सांगू लागले की त्यांच्या आवाजात सुद्धा तारुण्य येई.

या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर होते, हे वडील मला पुन्हापुन्हा सांगत. वडील स्वतः शिक्षक, पुढे मीही तोच झालो. त्यामुळे आमच्या घरात रहीमसाहेबांचे स्थान फुटबॉलमधले थोर प्रशिक्षक एवढेच नव्हते. ते आमच्या बिरादरीतले होते. पोलीस संघाबरोबरच त्यांच्या हाती भारताचा संघही आला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. नंतर आले मेलबर्नचे ऑलिंपिक.

मेलबर्नचे साल १९५६. या सालाला आमच्या भागात दुसराच अर्थ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले. किनवट आणि राजुरा आदिलाबादपासून तुटून तिकडे गेले, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. माझी आत्या किनवट तालुक्यात दिलेली. ती एका रात्रीत परराज्यातली झाली. वडील म्हणत, ‘‘बैलगाडीचा रस्ता तोच, फक्त मामलेदार बदलला.’’ आणि त्याच महिन्याच्या शेवटी रहीमसाहेबांचा संघ मेलबर्नला होता. १ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. भारत चौथा आला. त्या संघात तुलसीदास बलराम, पीटर थंगराज अशी हैदराबादकडची पोरे होती. राज्य गेले, पण राज्याची मुले खेळत होती. त्या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची संतोष करंडक स्पर्धाही हैदराबादनेच जिंकली. वडिलांना त्या दिवसांत यातून काय आधार मिळाला असेल, ते मला फार उशिरा कळले.

रहीमसाहेबांची एक पद्धत मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ते असे सामने भरवत की खेळाडूने चेंडू फक्त कमजोर पायानेच मारायचा. उजवा पाय जोराचा असेल तर तो विसरायचा आणि डाव्याने खेळायचे. दुसरा प्रकार असा की, चेंडू घेऊन एकट्याने पळायला बंदी. आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. मोठी यंत्रे नाहीत, खर्च नाही. एक मैदान, एक चेंडू आणि मास्तरची नजर. १९६२ साली आजारी असताना ते संघ घेऊन जकार्ताला गेले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक घेऊन आले. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २०२४ साली ‘मैदान’ चित्रपट आला तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. वडील तोवर राहिले नव्हते.

आता माझ्या काळातल्या संघाकडे येतो. २०१९ साली इंडियन सुपर लीगमध्ये पुण्याचा संघ बंद झाला आणि त्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. म्हणजे एका मराठी शहराचे फुटबॉलचे घर मोडले आणि त्याच्या वाशांवर आमचे उभे राहिले. मी आनंद लपवला नाही, पण पुण्याच्या साडूंना फोन करण्याचे मात्र त्या आठवड्यात टाळले.

या संघाचे बळ काय होते, ते एका चाहत्याच्या नात्याने सांगतो. प्रशिक्षक मानोलो मार्केझ हे स्पॅनिश गृहस्थ विशीतल्या भारतीय पोरांवर भरवसा टाकत. आकाश मिश्रा, आशिष राय ही पोरे बिनधास्त धावत पुढे जात. पुढे ओगबेचे होता, २०२१-२२ च्या मोसमात त्याने एकट्याने १८ गोल मारले. आणि संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला. हैदराबादच्या संघात कोल्हापूरचा मराठी पोरगा! सीमेवरच्या माणसाला याहून वेगळे काय हवे असते?

२० मार्च २०२२, रविवार. अंतिम सामना गोव्यात फातोर्ड्याला, केरळविरुद्ध. आमच्या दिवाणखान्यात मुलगा, दोन शेजारी आणि शाळेची पाच-सहा मुले. अडुसष्टाव्या मिनिटाला केरळने गोल केला. शेजारी चहाचा कप ठेवून उठू लागले. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बदली आलेल्या साहिल ताव्होराने लांबून असा फटका मारला की उठलेले शेजारी तिथेच उभे राहिले. मग पेनल्टी. आमचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने तीन अडवल्या. ३-१. आम्ही अजिंक्य! मुले तेलुगूत ओरडत होती, शेजारी दखनीत, मी मराठीत. सौभाग्यवतींनी शिरा केला. त्या दिवशी प्रथमच फुटबॉलला आमच्या स्वयंपाकघरात अधिकृत मान्यता मिळाली.

पण काळजीचे बीज त्याच विजयात होते. कोरोनामुळे तो सारा मोसम गोव्यात खेळला गेला. हैदराबादच्या संघाने हैदराबादच्या मातीवर एकही सामना न खेळता चषक जिंकला. गच्चीबावलीचे स्टेडियम तेव्हा रिकामेच होते. पुढच्या वर्षी संघ घरी परतला, गुणतक्त्यात दुसरा आला, उपांत्य फेरीत हरला; तोवरही ठीक होते. मग पैशाची ओढाताण सुरू झाली. थकलेल्या पगाराच्या बातम्या आल्या, मार्केझ गेले, ओगबेचे गेला, नवे खेळाडू घेण्यावर फिफाची बंदी आली. २०२३-२४ मध्ये बावीस सामन्यांत एक विजय, आठ गुण, सर्वांत तळाला. माझे जेवण टाकणे त्याच वर्षीचे. मालक बदलले, पण घडी बसली नाही. २०२५ साली संघ दिल्लीला गेला आणि त्याचे नावही बदलले. पुण्याचे हैदराबादला, हैदराबादचे दिल्लीला. बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसालाही एवढी बदली सोसवत नाही.

तेव्हा मला कोल्हापूर आठवले. बी. एड.च्या वर्षी मी तिथे होतो. शाहू स्टेडियमवर लीगचा सामना पाहायला गेलो, तर अर्धे शहर तिथे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तिथल्या संघांची नावे. माझ्या शेजारी बसलेले म्हातारबुवा खेळाडूच्या आजोबांपासूनची कुंडली सांगत होते. त्या तालमीला कितीही तोटा येवो, ती दिल्लीला जाऊ शकते का? तालीम उचलून नेता येत नाही, कारण ती पेठेत रुजलेली असते. रहीमसाहेबांच्या हैदराबादचे बळही हेच होते. मोहल्ल्यांतली मैदाने होती, शाळा होत्या, म्हणून खेळाडू संपत नव्हते. आमच्या नव्या संघाजवळ खेळाडू होते, प्रशिक्षक होता, चषकही होता. खाली माती मात्र नव्हती.

इथवर मी मोठ्या तोऱ्यात विचार करत आलो होतो. संघ दिल्लीला गेल्याची बातमी आली त्या आठवड्यात दहावीतला आमचा गोलकीपर मला व्हरांड्यात भेटला. जैनदकडच्या एका कापूस पिकवणाऱ्या घरातला मुलगा, अंतिम सामना आमच्याकडे पाहिलेल्यांपैकी सर्वांत लहान. म्हणाला, ‘‘सर, आता आपली टीम कोणती जी?’’

मी म्हटले, ‘‘बघू.’’

तो जागचा हलला नाही. खाली बघत म्हणाला, ‘‘आणि सर, गेमचा पीरियड कधी चालू होईल?’’

वाचकहो, इथे मला कबुली दिली पाहिजे. खेळाचा तास मीच बंद केला होता. निकालाचा तगादा वरून येतो, पालकही विचारतात. मी दहावीचे खेळाचे तास गणिताला आणि विज्ञानाला देऊन टाकले, मग नववीचे. मैदानाच्या एका अंगाला वर्गखोल्या हव्यात, त्या कागदावरही मीच सही केली. गोलचा एक खांब त्या बांधकामात गेला. मालकांनी संघ हलवला म्हणून मी रात्री उपाशी झोपत होतो, आणि दिवसा स्वतःच्या शाळेतून तोच खेळ वीतवीत हलवत होतो. कोणी माझ्यावर सक्ती केली नव्हती. सोपे होते, म्हणून केले.

त्या रात्री झोप लागली नाही. रहीमसाहेबांचा डावा पाय डोक्यात घोळत होता. आमच्या मुलांचा उजवा पाय आता तेलुगू आणि इंग्रजी. पोटापाण्याचे तेच, त्यात काही वावगे नाही. मराठी हा डावा पाय. वापरला नाही तर तो लुळा पडतो. शाळेतले मराठीचे वर्ग दर वर्षी आकसतात, आणि मी वर्गात भाषेवर व्याख्याने देतो. पण मैदानावर मी काय ऐकत आलो होतो? एक मुलगा ओरडतो ‘‘बॉल इय्यिरा!’’, दुसरा ‘‘इधर दे मियाँ!’’, तिसरा ‘‘टाक ना बे!’’, कडेला दोघे गोंडीत भांडतात. तिथे कोणत्याही मुलाला आपल्या घरच्या भाषेची लाज वाटत नव्हती, आणि दुसऱ्याची भाषा शिकायला पुस्तक लागत नव्हते. तो वर्ग मी वेळापत्रकातून खोडला होता.

दुसऱ्या दिवशी पी. ई. टी. सरांना बोलावले. शनिवारचे शेवटचे दोन तास सर्व वर्गांना खेळाचे, दहावीसकट, असे वेळापत्रक काढले. गणिताचे सर नाराज झाले. त्यांना मी सकाळचा अर्धा तास देऊ केला आणि स्वतः लवकर येण्याचे कबूल केले. निकाल घसरला तर जबाबदारी माझी, हेही लिहून दिले. सही करताना हात थोडा थरथरला, खोटे कशाला बोलू?

पहिल्या शनिवारी सामना रहीमसाहेबांच्या नियमाने, फक्त कमजोर पायाने. काळ्या मातीत भेगा पडलेल्या, एका बाजूला खांबाऐवजी दोन दप्तरे. शिट्टी माझ्या हाती. मुले हसून हसून पडत होती. चेंडू जायचा भलतीकडे, एकदा तर सरळ ऑफिसच्या खिडकीवर आला. पाऊण तासात एकही गोल झाला नाही. आमचा गोलकीपर मात्र उत्साहात, म्हणाला, ‘‘सर, पुढच्या शनिवारी होईल जी.’’ खरोखरच तिसऱ्या शनिवारी झाला.

गेली दहावी पार पडली. निकाल फार चढला नाही, पडलाही नाही. तो मुलगा आता गावातच ज्युनिअर कॉलेजात आहे आणि शनिवारी गोलमध्ये उभा राहायला येतो. ‘आपली टीम कोणती’ हे त्याने पुन्हा विचारलेले नाही. घरी अजूनही दूरदर्शनवर सामना लागला की मी बसतो, पण जेवून बसतो.

शेवटी एक विनंती. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर मुलांचा जुना फुटबॉल किंवा हवा भरायचा पंप पडून असेल, तर दिवाळीची झाडलोट करताना तो फेकू नका. जवळच्या शाळेत नेऊन द्या. आमच्याकडे चेंडू दोनच आहेत, आणि त्यातला एक दर शनिवारी विहिरीत जातो.