विसाव्यानंतरचा आकडा

मुळशी तालुक्यातील भरे या गावी आमचे छोटेसे घर आहे. निवृत्तीनंतर मोकळ्या हवेसाठी आम्ही इथे आलो. यजमानांचे वय आता 78. फुप्फुसांच्या जुन्या विकारामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. हे यंत्र विजेवर चालते आणि मुळशीच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून गच्चीवर सौर पॅनेल बसवून आम्ही 12 व्होल्टची, 150 अँपिअर-अवरची बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतला.

जुलैमधील एका संध्याकाळी, चार-पाच दिवसांच्या झडीनंतर, तासभर ऊन पडले. चार्ज कंट्रोलरवर आकडा दिसत होता 13.8. बारा व्होल्टच्या बॅटरीत जवळजवळ चौदा, म्हणजे ती काठोकाठ भरली, असा अर्थ काढून मी निर्धास्त झाले. रात्री साडेदहाला वीज गेली. यंत्र बॅटरीवर चालू लागले आणि जेमतेम चाळीस मिनिटांत इन्व्हर्टरची धोक्याची शिटी वाजली. आकडा 11 च्याही खाली गेला होता. कोपऱ्यात ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर होता म्हणून निभावले. पण त्याची चावी शोधताना माझे हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी मी वैतागून म्हणाले, “अहो, आपला मीटर खोटं दाखवतोय.”

यजमानांची सारी नोकरी कारखान्याच्या वीज विभागात गेलेली. ते हसून म्हणाले, “अगं, माझा रक्तदाब मोजण्याआधी मला पाच मिनिटं शांत बसवतेस ना? मग बॅटरीलाही जरा बसू दे.”

त्यांनी समजावले ते असे. ऊन असताना पॅनेल बॅटरीत वीज ढकलत असते. त्या वेळी दिसणारे 13.8 किंवा 14.4 हे त्या ढकलण्याचे माप असते, साठ्याचे नव्हे. उलट यंत्र चालू असताना आकडा दबून खाली येतो, तोही साठ्याचे खरे माप देत नाही. चार्जिंग आणि वापर दोन्ही थांबवून बॅटरीला काही तास विसावा दिला, की मगच आकडा विश्वासार्ह ठरतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीत साधारण 12.7 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी आणि 11.9 च्या आत म्हणजे जवळजवळ रिकामी. पूर्ण आणि रिकामी यांत अंतर जेमतेम पाऊण व्होल्टचे! म्हणून दशांशाच्या पुढच्या आकड्याकडेही लक्ष हवे. सौर पॅनेलवर चालणाऱ्या मोटरहोममध्ये फिरणाऱ्या कुटुंबांनाही हाच नियम लागू पडतो. लिथियम बॅटरीचे कोष्टक मात्र वेगळे असते. तिचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहत असल्याने केवळ त्यावरून तिचा साठा ओळखू येत नाही.

मग आम्ही दोघांनी हिशेब मांडला. आमचे यंत्र सुमारे 300 वॅट घेते. इन्व्हर्टरमधील घट धरता बॅटरीतून जवळपास 30 अँपिअर जातात. बॅटरी टिकावी म्हणून निम्माच साठा वापरायचा, तर हाती 75 अँपिअर-अवर उरतात. म्हणजे कागदावर अडीच तास, प्रत्यक्षात दोनच धरावेत. रात्रभराचा आधार म्हणून आम्ही जिच्याकडे पाहत होतो, ती केवळ दोन तासांची सोबत होती. हे कळले तेव्हा पोटात गोळा आला. पण न कळता राहिले असते तर काय झाले असते, हा विचार त्याहून भयंकर होता.

आता रोज पहाटे, उजाडण्यापूर्वी, मी आकडा पाहते. रात्री वीज गेलेली नसेल, तर सूर्यास्तापासून बॅटरी विसावलेलीच असते. यजमानांच्या ऑक्सिमीटरच्या वहीतच तो आकडा टिपते. तो 12.4 च्या खाली असला आणि आभाळ भरलेले असले, तर विजेवरून चार्जिंग सुरू करते. सिलिंडर भरलेला आहे ना, हे दर आठवड्याला पाहते. त्याची चावी त्याच्याच गळ्यात दोरीने बांधली आहे. चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून ती रुग्णाच्या खोलीबाहेर, हवेशीर जागी आणि ऑक्सिजनपासून दूर ठेवली आहे.

आपल्या घरीही असे यंत्र असेल, तर ते बॅटरीवर किती वेळ चालेल हे जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि वीज जास्त वेळ गेल्यास काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. आमच्या वहीत आज दोन नोंदी आहेत: यजमानांचा ऑक्सिजन 94, बॅटरी 12.6. दोन्ही विसाव्यानंतर घेतलेल्या.