चवड्याची रुंदी

मराठीत पावलाच्या पुढच्या भागाला चवडा म्हणतात आणि उर्दूत चौड़ा म्हणजे रुंद. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे हे शब्द मला कायम शेजारी-शेजारी दिसतात. पाय मोजायला बसलं की गंमत पटते, कारण पाऊल सगळ्यात चौड़ं असतं ते चवड्यावरच. पण दुकानात आपल्याला फक्त लांबी विचारतात, ‘कितवा नंबर?’ रुंदीचं नावही कुणी काढत नाही.

आमच्या माणमध्ये दोन प्रकारची माणसं रोज दिसतात. हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा आमच्या गावाच्या हद्दीत आहे, तिथे लॅपटॉपची बॅग घेऊन जाणारी. आणि पहाटे कंपनीच्या बसने चाकणला जाणारी, पायात सेफ्टी शूज घातलेली. माझ्या जवळच्यांत दोन्ही आहेत. एक जुना विद्यार्थी आयटीत आहे, दुसरा माझा सख्खा भाचा, कंत्राटी कामगार. योगायोग असा की दोघांचे पाय ११ नंबरचे आणि पसरट.

विद्यार्थी गेल्या हिवाळ्यात गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला गेला. भाड्याने बोर्ड देणाऱ्याने त्याला आधी बुटाचा नंबर विचारला, मग वजन. कारण साधं आहे. स्नोबोर्डवर माणूस आडवा उभा राहतो, म्हणजे पाऊल फळीच्या रुंदीत येतं. नेहमीच्या पुरुषी बोर्डाची कमरेजवळची रुंदी साधारण २५ सेंटिमीटर असते आणि ११ नंबरचं पाऊल २९ सेंटिमीटरच्याही पुढे जातं, वर बुटाची जाडी वेगळी. दोन्ही बाजूंना थोडं बाहेर आलेलं चालतं. फार आलं तर वळताना बोर्ड कडेवर झुकतो, बुटाचं टोक बर्फात रुततं, कड सुटते आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून मोठ्या पायांसाठी २६ सेंटिमीटरपेक्षा रुंद बोर्ड वेगळे बनवतात. जास्त लांब बोर्ड घेऊन हा प्रश्न सुटत नाही; लांबी वजनावरून ठरते, रुंदी पायावरून. आणि उगाच रुंद घेतला तर वळायला जड जातो. त्या विद्यार्थ्याला रुंद बोर्ड मिळाला, चार दिवस मजेत खेळला.

आता भाच्याचं ऐका. कारखान्यात पाय बुटात झाकलेले असतात, मशिदीत उघडे असतात. जुम्म्याला सफेत तो माझ्या शेजारी उभा होता, तेव्हा त्याच्या करंगळीची सोललेली कातडी आणि अंगठ्याचं काळं पडलेलं नख मला दिसलं. वजू करताना बोटांच्या बेचक्यांत पाणी फिरवावं लागतं, तेव्हा किती झोंबत असेल! विचारलं तर म्हणाला, “मामू, दस नंबर के उपर आताच नहीं बोलते. फिर मांगे तो बोलेंगे, बहोत नखरे हैं इसके.”

चामड्याचा जोडा चावतो, पण महिन्याभरात पायाला सरावतो. सेफ्टी शूजच्या पुढच्या टोपीचं पोलाद सरावत नाही. भारतीय मानकानुसार ती टोपी २०० जूलचा आघात सोसते, म्हणजे २० किलोचं वजन साधारण १ मीटरवरून पडलं तरी बोटं वाचावीत. पण तीच टोपी अरुंद असेल तर आठ-दहा तास आतून बोटं चेपत राहते. काही जण रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतात. मग टाच निसटते, बूट भलत्याच जागी वाकतो, जिन्यावर ठेच लागते. भाच्याने त्याहून वाईट उपाय शोधला होता. रात्रपाळीला साहेब नसले की तो बुटातून पाय बाहेर काढून काम करायचा. जी वस्तू पाय वाचवायला दिली, तीच त्याला उघड्या पायाने उभं करत होती.

हा एकट्या माझ्या भाच्याच्या पायाचा दोष नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. भारतीय पाऊल पाश्चात्त्य पावलापेक्षा रुंद असतं, असं त्यातून दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची देशी मापपद्धत सुचवली गेली. आपण अजून मुख्यतः इंग्रजांचे नंबर वापरतो. त्यांत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, आणि तोही फक्त लांबीचा.

त्या संध्याकाळी मी भाच्याला मोजे घालून कागदावर उभं केलं. संध्याकाळी अशासाठी, की दिवसभरात पाय थोडा सुजतो. पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची कड आखली. टाच ते अंगठा आणि चवड्याची रुंदी, दोन्ही मापं मिलिमीटरमध्ये लिहिली. दोन्हींपैकी मोठं पाऊल धरलं. मग दहावीच्या मुलांना शिकवतो तसा अर्ज त्याच्याकडून लिहून घेतला. विषय : सेफ्टी शूज योग्य मापाचे मिळण्याबाबत. सोबत पावलाचा कागद जोडला. अर्जात ‘त्रास होतो’ एवढंच न लिहिता ‘बूट काढून काम करावं लागतं, अपघात होऊ शकतो’ असं लिहायला लावलं.

तीन आठवड्यांनी रुंद मापाचा ११ नंबर आला. त्याच्या लाइनवरच्या आणखी चौघांनी मग पावलं आखून दिली. त्यांतल्या दोघांचे बूट अजून यायचे आहेत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण दोन्ही भाषांत शिकवतो. अंथरुणापुरतं ठीक आहे. बूट मात्र पाय पाहूनच द्यायला हवा. बर्फावर मौज करणाऱ्याला जो प्रश्न आधी विचारतात, तो यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्यालाही विचारावा. तुमच्या घरातलं कुणी उद्या कामावर रुजू होणार असेल, तर आज संध्याकाळीच त्याचं पाऊल आखून ठेवा, आणि नंबराशेजारी रुंदीही लिहा.