रांगेचं त्रैराशिक

रांगेवर बोलण्याचा अधिकार दोघांनाच: रांगेत उभा राहणाऱ्याला आणि काउंटरमागे बसणाऱ्याला. मी दुसऱ्या पंगतीतला. वीस वर्षं बँकेत रांगेचं फक्त तोंड पाहिलं, शेपूट कधी दिसलं नाही. त्यामुळे विमानतळावरच्या रांगा आधी कॉम्प्युटरमध्ये उभ्या करून पाहतात हे कळलं, तेव्हा व्यवसायबंधू भेटल्याचा आनंद झाला.

या शास्त्राचे मूळपुरुष एर्लांग, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती. १९०९ साली त्यांनी फोनच्या गर्दीला गणित लावलं. हिशेब मजेदार आहे. समजा, एकच काउंटर, माणसं कधीही उगवणारी आणि माणशी सरासरी दोन मिनिटं. कारकून ८० टक्के वेळ कामात असेल, तर रांगेत सरासरी आठ मिनिटं. ९० टक्के असेल तर अठरा. ९५ टक्के झाला की अडतीस! म्हणजे साहेबांना माझे जे रिकामे हात दिसतात, ती खरी ग्राहकसेवा. साहेबांना हे अजून सांगितलेलं नाही.

विमानतळाचं दुखणं याहून मोठं. अमेरिकेच्या विमान-खात्याचं 'सिममॉड' आकाश नि धावपट्ट्यांचा हिशेब करतं. प्रवाशाच्या बॅगेशी त्याला कर्तव्य नाही. इमारतीतल्या गर्दीचा हिशेब वेगळा. म्हणून आता या दोन्हींचं लग्न लावतात. कारण विमानं भराभर उतरवली की बॅगांच्या पट्ट्याशी झुंबड, तपासणी जलद केली की गेटपाशी खुर्च्या अपुऱ्या. रांग मरत नाही, तिची बदली होते. अगदी आमच्यासारखी! मुंबईला तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचंच चालतं. जावा दोन, शेगडी एक.

या हिशेबात आणखी एक रकाना असतो: प्रवाशामागे सोडायला येणारी माणसं किती? भाची शिकायला परदेशी निघाली तेव्हा आम्ही नऊजण होतो. मॉडेलच्या लेखी आम्ही म्हणजे अडलेली जागा. आत तिची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि ताई काचेला नाक लावून उभी. मी म्हटलं, "फारच हळू चाललंय गं."

ताई म्हणाली, "चालू दे. तेवढीच दिसते."

ही मिनिटं जमेला धरायची की नावे टाकायची, हे बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं. कॉम्प्युटरलाही कुणी शिकवलेलं दिसत नाही.