आजोबा जेवण मागतायत

"आजोबा सकाळपासून जेवण मागतायत हो. तुम्हीच समजावा त्यांना."

अतिदक्षता विभागाच्या दाराशी मावशी मला म्हणाल्या, आणि मी पप्पांना समजवायला आत गेलोसुद्धा. "डॉक्टर म्हणतील तेव्हाच खायचं हं पप्पा." त्यांनी मास्क बाजूला केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाळकसाहेबांना बोलव."

तेव्हा कळलं. पप्पा जेवण मागत नव्हते, भोजन मागत होते. आमच्या घरात प्रभुभोजनाला नुसतं 'भोजन' म्हणायची सवय. सकाळपासून तीनदा त्यांनी ते मागितलं आणि तिन्ही वेळा त्यांना उत्तर मिळालं की तोंडाने काही द्यायचं नाही, सलाईन चालू आहे. देवाच्या मेजाजवळ यायचंय म्हणणाऱ्या माणसाला भुकेलेला समजून गप्प केलं गेलं. चौथ्यांदा गप्प करणारा मी.

आम्ही मूळचे नगरकडचे, मिशनच्या काळापासूनचे ख्रिस्ती, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. धायरीत राहायला येऊन वीस वर्षं झाली. धरून दिलं त्या रात्री येशूने शिष्यांना भाकर मोडून दिली, प्याला दिला, त्याचं हे भोजन. पाळक प्रार्थना करतात आणि मग ती भाकर नुसती भाकर राहत नाही. तिचं नेमकं काय होतं, यावरून 1529 साली मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली यांचं जे बिनसलं ते जुळलंच नाही. पप्पा त्या वादात कधी पडले नाहीत. लहानपणी आई शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायची. त्या रसाचा वास आला की पप्पा आवाज खाली आणायचे, एवढं मला आठवतं.

पाळकसाहेब तासाभरात आले. हातात छोटी पेटी, तिच्यात वाटीएवढी डबी, बोटाएवढी बाटली, एक पेला. दारावरच्या रखवालदाराने विचारलं, "डब्यात काय?"

"प्रभुभोजन."

"जेवण आत नेता येत नाही."

मी समजावून सांगू लागलो. सिस्टर बाहेर आल्या. "पेशंट एनबीएम आहे. काय देणार आहात?" मी म्हणालो, "भाकर, अगदी कणभर." त्या दचकल्या. "भाकरी? श्वास लागलाय त्यांना, घशात अडकली तर?" बायबलमधली भाकर आणि चुलीवरची भाकरी यांत फरक आहे, हे त्या दारात उभं राहून कसं सांगायचं? मी 'पवित्र सहभागिता' म्हणून बघितलं. तो शब्द त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. "बाटलीत काय, दारू?" रखवालदाराने विचारलं. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "द्राक्षांचा रस." भेटीची वेळ संपत आली होती. मागे रांग लागली होती, एकजण म्हणाला, "अहो, बाजूला तरी व्हा." वीस मिनिटं आम्ही तिथे उभे होतो. आपल्या श्रद्धेतला सगळ्यात मोठा शब्द आपल्याच मातृभाषेत, आपल्याच गावात कुणाला कळू नये, याचं दुःख मला त्या वीस मिनिटांत झालं तसं आधी कधी झालं नव्हतं.

शेवटी मी म्हणालो, "सिस्टर, प्रसाद आहे."

त्यांचा चेहरा क्षणात बदलला. "मग आधीच सांगायचं ना! या आत. ओठांना लावा फक्त." पाळकसाहेबांनी रसात कण बुडवला आणि पप्पांच्या ओठांना लावला. सिस्टर खाटेच्या पायाशी हात जोडून उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी पप्पा गेले.

त्या सिस्टरचा मला राग नाही. मला सलतो तो माझा शब्द. कारण पप्पांनी जन्मभर तो टाळला. श्रावणात शेजारच्या काकू धारेश्वराचा प्रसाद आणायच्या. पप्पा दोन्ही हातांनी घ्यायचे, पण स्वतः खायचे नाहीत, टाकायचेही नाहीत. मान राखून दुसऱ्या कुणाला द्यायचे. त्यांच्यासमोर पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र असे. आठव्या अध्यायात पौल म्हणतो की मूर्ती काहीच नाही, पण दुर्बळ भावाला ठेच लागू नये म्हणून नैवेद्याचं खाऊ नका. दहाव्यात मात्र दोन मेजांवर बसता येत नाही असं ठणकावतो. एकदा चर्चच्या फळ्यावर तरुणांनी 'प्रभूचा प्रसाद' लिहिलं, तेव्हा पप्पांनी ते पुसायला लावलं. म्हणाले, "प्रसाद म्हणजे आपण देवाला दाखवतो आणि उरलेलं आपल्याला मिळतं. इथे आपण काय दाखवलं? इथे तो स्वतःलाच देतो."

ते गेल्यावर मी या शब्दाच्या मागे लागलो. हिंदी भाषक कॅथलिक याला राजरोस 'परमप्रसाद' म्हणतात. संस्कृतात प्रसाद म्हणजे आधी प्रसन्नता, कृपा. खाण्याचा पदार्थ नंतर आला. ज्ञानदेवांच्या पसायदानातला 'पसाय' म्हणजे हाच प्रसाद. आणि युखारिस्त या ग्रीक शब्दाचा अर्थ उपकारस्तुती असला तरी त्याच्या पोटात 'खारिस' आहे, म्हणजे कृपाच. हे वाचलं त्या रात्री मला हलकं वाटलं. सकाळी पप्पांचा फोटो बघितला आणि ते हलकेपण गेलं. व्युत्पत्ती माझ्या बाजूने असेल, पण फळा पुसायला लावणारा माणूस नव्हता.

आणखी एक शब्द सापडला. मरणाच्या दारातल्या माणसाला दिल्या जाणाऱ्या भोजनाला जुन्या मंडळीने लॅटिनमध्ये 'व्हियाटिकुम' म्हटलं. म्हणजे वाटखर्च, आपल्या बोलीत शिदोरी. 325 सालच्या निकेयाच्या परिषदेने तेराव्या नियमात सांगून ठेवलं आहे की मरणाऱ्याला ही शिदोरी नाकारू नये. सतराशे वर्षांपूर्वी! 'सिस्टर, शिदोरी आहे' असं म्हणालो असतो तर? पुन्हा जेवणच वाटलं असतं.

म्हणून पाळकांना माझं सांगणं आहे, पेटीत एक छापील चिठ्ठी ठेवा. हा धार्मिक विधी आहे, कण फक्त ओठांना लावायचा आहे, डॉक्टरांना विचारून करू, असं साध्या मराठीत लिहा. आणि घरच्यांनो, दाखल करतानाच सांगून ठेवा. आपला माणूस 'भोजन' म्हणाला तर तो काय मागतोय, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

राग नाही असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. तीनदा मागितलेलं एकदा तरी कुणी नीट विचारायला हवं होतं. पण हात जोडून उभ्या असलेल्या त्या सिस्टर आठवतात आणि माझा राग पुन्हा माझ्याकडेच वळतो. या श्रावणात काकूंनी प्रसाद आणला. खावा असं ठरवलं होतं. दोन्ही हातांनी घेतला आणि पप्पांसारखाच दुसऱ्याला दिला.

पप्पांची खाट दारापासून तिसरी होती. कान त्यांचे शेवटपर्यंत तीक्ष्ण होते. मी मोठ्याने बोललो होतो.