मालवणच्या बंदरावरील यंत्रवैद्य

मालवणास प्रवासी जातात ते दिवाळीपासून वैशाखापर्यंत. होडींत बसून सिंधुदुर्गास जावें, श्रीशिवराजेश्वराचें दर्शन घ्यावें, सोलकढीची तारीफ करावी आणि परतावें, हा त्यांचा क्रम. आषाढांतील मालवण प्रवाशांचें नव्हे, मालवणकरांचें असतें. १६६४ सालीं ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला गेला, तें किनाऱ्यावरून अगदीं जवळ दिसतें; परंतु मध्यें उसळणारा समुद्र पाहिला म्हणजे तिकडे जाण्याची हौस आपोआप मावळते. आम्ही २०२४ सालची आषाढी एकादशी आटोपून एका वृद्ध आप्तांच्या समाचारास तेथें गेलों होतों. पावसानें कोंडून घातल्यामुळें जें पाहिलें, तें किल्ल्याहून निराळें, पण आमच्या मतें तितकेंच पाहण्याजोगें होतें.

१ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत यंत्रचलित नौकांस मासेमारीची बंदी असते. नौका वाळूवरून वर ओढून झावळ्यांखालीं झांकून ठेवतात. ओढतांना तळाखालीं गोल ओंडके आडवे घालतात. दहाबारा गडी एका सुरांत जोर लावतात, आणि घासत नेली असतां जी जागची हलली नसती ती नौका ओंडक्यांवरून घरंगळत वर येते. वाचकांनीं हे ओंडके ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

बंदरामागील आळींत एका मेस्त्र्यांची पत्र्याची शेड आहे. होडीच्या मागील फळीस बाहेरून अडकविण्याच्या लहान इंजिनांस तेथें सरसकट ‘मशीन’ म्हणतात. त्यांचा दवाखानाच तो! हीं यंत्रें लोकप्रिय केलीं ती ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या अमेरिकन कारागिरानें, १९०९ सालीं. तळ्यापलीकडून पत्नीसाठीं वल्हवीत आणलेलें आइस्क्रीम वाटेंतच वितळलें, म्हणून त्यास ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीहि असो, गृहिणींनीं ती अवश्य लक्षांत ठेवावी. त्याच्या नांवाचीं यंत्रें तयार होणें २०२० सालीं बंद पडलें. पण ती जात जगांतील बंदरोबंदरीं अजून नांदत आहे.

आम्ही गेलों त्या दिवशीं तेथें पंधरा अश्वशक्तीचें, दोन सिलिंडरांचें एक मशीन उताणें पडलें होतें. मे महिन्याच्या अखेरीस भर समुद्रांत त्यांतून प्रथम ठकठक असा आवाज आला आणि कांहीं मिनिटांतच तें गच्च बसलें. मालक दोघे भाऊ, एकत्र राहणारे. पेट्रोलांत तेल मिसळण्याचें काम धाकट्याच्या सतरा वर्षांच्या मुलाकडे होतें. ‘यानेंच तेल कमी घातलें’ असा ठपका थोरल्या काकांनीं त्याच्यावर ठेवला होता. दोन महिने घरांत अबोला होता, आणि मुलगा गोव्यास एखाद्या हॉटेलांत नोकरी पाहण्याच्या गोष्टी बोलूं लागला होता.

ठपका अगदींच निराधार होता असें मात्र नाहीं. या जातीच्या इंजिनांत तेलाची निराळी कोठी नसते. दट्ट्या वर गेला कीं पेट्रोल, तेल व हवा यांचें मिश्रण खालच्या पेटींत शोषलें जातें; तो खालीं आला कीं तेंच मिश्रण दाबलें जाऊन वर सिलिंडरांत चढतें. त्या प्रवासांत वाटेवरच्या बेअरिंगांस जो तेलाचा अंश मिळेल तेवढाच त्यांचा आहार. बेअरिंग म्हणजे तरी काय? नौकेखालचे ते ओंडकेच, फक्त सुईएवढे बारीक, पोलादी, आणि फिरत्या दांड्याभोंवतीं गोलाकार मांडलेले. तेल तुटलें कीं ते तापतात, तडकतात, आणि त्यांचे तुकडे दट्ट्याबरोबर वर जाऊन सिलिंडरास ओरखडतात.

मेस्त्री साठीच्या पुढचे, मितभाषी. थोरले काका नवें बेअरिंग घालून मोकळें करा म्हणून घाई करीत होते. मेस्त्री एवढेंच म्हणाले, “बेरिंग बदलूक येळ लागणा नाय, ता कित्याक गेला, ता आधी बघूक व्हया.”

खाऱ्या पाण्यानें ॲल्युमिनियम आणि पोलाद यांचें सख्य असें जमतें कीं बोल्ट सुटतां सुटत नाहींत. जो हलेना, त्याच्या भोंवतीं आंच देऊन, पुन्हां थंड करून, त्यास तासन्‌तास मनवावें लागलें. जोर केला तर डोकें तुटून हातांत येतें. शेवटीं पेटीचीं दोन अर्धुकें विलग झालीं. हीं अर्धुकें जोडीनेंच घडविलेलीं असतात. एका इंजिनाचें अर्धुक दुसऱ्यास चालत नाहीं. आंत खालच्या सिलिंडराच्या बेअरिंगाचा चुरा झाला होता. वरचें मात्र तेलानें माखलेलें, चकचकीत! मेस्त्र्यांनीं तें काकांच्या हातीं दिलें. मग सर्वांत खालचें गोळ्यांचें बेअरिंग दाखविलें; त्यावर तांबूस गंज चढला होता, आणि त्याखालील रबरी सील कडेला झिजून कडक झालें होतें. त्या फटींतून खारें पाणी वर चढलें. शिवाय तेथून नुसती हवा शोषली गेल्यामुळें खालच्या खोलीपुरतें मिश्रण पातळ झालें. तेल कमी घातलें असतें तर दोन्ही बेअरिंगें सारखींच भाजलीं असतीं.

“ह्या झिलाचो दोष नाय,” मेस्त्री म्हणाले. मुलगा दाराशीं उभा होता. काका तें बेअरिंग बराच वेळ बोटांत फिरवीत राहिले.

क्रँक दाबून बसविलेल्या तुकड्यांचा असल्यामुळें तो फोंडाघाटानें कोल्हापुरास उद्यमनगरांत धाडावा लागला. तेथें तो दाबयंत्राखालीं उकलून, नवा दांडा व बेअरिंग घालून पुन्हां जोडला गेला आणि मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजून सरळ करण्यांत आला. ओरखडलेलीं सिलिंडरें पाव मिलिमीटरनें वाढवून त्या मापाचे दट्टे आणले. जोडणीच्या दिवशीं आम्ही मुद्दाम गेलों. दट्ट्यावरील बाण धूर जाण्याच्या बाजूस. कड्यांचीं तोंडें आपापल्या खिळ्यांवर, नाहींतर तीं सिलिंडराच्या खिडकींत अडकून मोडावयाचीं. बेअरिंगाच्या बाहेरील कड्यांतील भोंक पेटींतील खुंटीवर. पेटीच्या सांध्यास चिकटद्रव्याचा पापुद्र्याएवढाच हात. अधिक झाल्यास तें आंत गळतें. पेटी हीच या इंजिनाचें फुप्फुस, त्यामुळें सुईएवढी फटहि तिला सोसत नाहीं. सील नवीं, त्यांच्या ओठांस ग्रीस. पाणी खेचणारा रबरी पंखाहि मेस्त्र्यांनीं न विचारतां बदलला; मालवणची वाळू तो खातेच.

एरवीं पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल. नव्या जोडणीस पहिले दहा तास पंचविसांस एक. मेस्त्र्यांनीं तेलाचें माप मुलाच्या हातीं दिलें. काकांनीं कांहीं न बोलतां नरसाळें उचलून टांकीवर धरलें.

मशीन पाण्याच्या पिंपांत उभें केलें. तिसऱ्या ओढीस तें निळा धूर ओकून चालूं झालें. बाजूच्या छिद्रांतून पाण्याची बारीक धार सुटली, म्हणजे थंड पाणी आंत खेळूं लागलें. मेस्त्री कान लावून दहा मिनिटें बसले. पहिले दहा तास पूर्ण वेग द्यावयाचा नाहीं, अशी ताकीद त्यांनीं काकांस न देतां त्या मुलासच दिली. १९ ऑगस्टला नारळीपौर्णिमा होती, आणि तिला अजून दहा दिवस अवकाश होता.