मी भाकरी थापतो

माणसाने वयाच्या पासष्टाव्या वर्षी नवीन काही शिकू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. शिकायचंच असेल तर ब्रिज शिकावा, फार तर पेटी. त्यात चुकलं तरी शेजाऱ्यांपलीकडे कुणाचं नुकसान होत नाही. मी मात्र भाकरी शिकलो. तीही ज्वारीची.

त्याचं असं झालं. आमची ही मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने बंगळूरला गेली. जाताना तिने फ्रिजच्या दारावर एक यादी चिकटवली. गॅसवाल्याचा नंबर, आईंच्या डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा, कुकरच्या शिट्ट्या भाताला तीन आणि डाळीला चार. खाली एक ओळ लाल शाईत होती, 'शिट्ट्या मोजताना पेपर वाचू नये.' पोळ्यांना बाई होत्याच. "तुम्ही काही उपाशी राहत नाही," असं म्हणून ती गाडीत बसली आणि ते खरंच होतं. मी उपाशी राहिलो नाही. राहू लागली ती आई.

आई सत्त्याऐंशीची. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेलेली, पण तक्रार म्हणून नाही. पहिल्या आठवड्यात ती दीड पोळी खात होती, दुसऱ्यात एक, मग अर्धी. विचारलं की "भूक नाही रे". डॉक्टर म्हणाले, "या वयात असं व्हायचंच." दिवाळीचा विषय काढला तर म्हणाली, "दिवाळीचं दिवाळीला बघू. मी काय, असेन-नसेन." मला ते बोलणं आवडलं नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या घराण्यातले पुरुष अशा प्रसंगी हेच करतात.

एका रात्री तिने पोळीचा तुकडा ताटात नुसता इकडून तिकडे फिरवला.

"आई, तुला दुसरं काही हवंय का?"

"काही नाही."

मराठी आईच्या 'काही नाही'चा अर्थ लागायला तीन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी लागला. भाकरी! आमचं मूळ सोलापूरकडचं. १९७६ साली आम्ही पुण्याला बिऱ्हाड केलं, तेव्हा आईने दुपारची पोळी मान्य केली, पण रात्रीची भाकरी सोडली नाही. मनगटं चालत होती तोवर स्वतः थापली, पुढे सुनेच्या हातची खाल्ली. सून बंगळूरला गेल्यावर, आता मुलाला कशाला त्रास, म्हणून तिने भुकेलाच रजा दिली होती.

मी पोळ्यांच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "साहेब, भाकरी आपल्याला येत नाही. आमच्याकडं बी आता चपात्याच." एका पोळी-भाजी केंद्रातून आणली, तर ताटात ठेवताना वाजली. एका हॉटेलात चौकशी केली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून ज्वारी मोठ्या माणसांत बसू-उठू लागली आहे. मेनूकार्डावर तिची किंमत वाचून मी चष्मा पुसला. पुसल्यावरही तेवढीच होती.

तेव्हा मीच भाकरी करायची ठरवली. तसा मी अगदीच कोरा नव्हतो. १९७८ साली कॉलेजातले आम्ही चौघे राजगडावर गेलो होतो. पद्मावती माचीवर मुक्काम, तीन दगडांची चूल, एक तवा आणि पिशवीभर ज्वारीचं पीठ. आमचं गणित सोपं होतं. पावाचे लाड फार. त्याला यीस्ट लागतं, पीठ झाकून ठेवा, फुगू द्या, भट्टी आणा. भाकरीला पीठ, पाणी आणि विस्तव की झालं! तिन्ही गोष्टी गडावर होत्या. नव्हती ती भाकरी. पीठ वाळूसारखं ओघळत राहिलं, तव्यावर पडलं त्याचे शंभर तुकडे झाले आणि ते आम्ही पिठल्यात कालवून चमच्याने खाल्ले. त्या पदार्थाला आम्ही 'राजगडी उपमा' हे नाव दिलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने एकच विचारलं, "पाणी कसलं घेतलंत?" म्हटलं, "टाक्यातलं. छान गार होतं." तिने कपाळाला हात लावला.

त्या कपाळाला लावलेल्या हाताचा अर्थ मला सत्तेचाळीस वर्षांनी कळला. गव्हाच्या पिठात ग्लूटेन असतं, ते कणीक धरून ठेवतं. ज्वारीत ते औषधालाही नाही. म्हणून उकळतं पाणी घालायचं. त्याने पिठातला स्टार्च शिजून चिकट होतो आणि तोच भाकरीला धरून ठेवतो. सगळ्या भाकरीचा भार त्या एका वाफाळत्या पाण्यावर!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची दिली. तिला दिसत नाही, तेव्हा माझी फजिती झाकलेली राहील, असा माझा हिशेब होता. तिने डबा मागितला, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, वास घेतला आणि म्हणाली, "कधी दळलंय? विरी गेलीय याची." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. दळून फार दिवस झाले की ती जाते. शिकवणी पाच मिनिटांत संपली आणि विद्यार्थ्याची रवानगी गिरणीत झाली. मालदांडी ज्वारी, दोन किलो, ताजं दळण. रांगेत मी एकटा पुरुष होतो. एका बाईंनी "वहिनी बऱ्या आहेत ना?" असं काळजीने विचारलं.

उकळतं पाणी घातलं, हात पोळला, तळहाताने रगडून पीठ मळलं. एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं, हेही तेव्हाच कळलं. मग परातीत कोरडं पीठ पसरून थापायला लागलो. पहिली भाकरी हुबेहूब महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. ती तव्यावर टाकेपर्यंत विदर्भ वेगळा झाला. उलटताना कोकणही गेलं.

"बाळू, थापतोयस की तबला बडवतोयस?" दारातून आवाज आला. "मधे मारू नकोस, कडेकडेने फिरव. मधे पातळ झालीय तुझी."

"तुला कसं कळलं?"

"मधे पातळ झाली की परात वाजते. पीठ वाजत नाही."

म्हणजे झाकलेलं काहीच नव्हतं. दिसत नसलेल्या माणसाला माझी भाकरी माझ्यापेक्षा स्पष्ट दिसत होती.

तिसऱ्या दिवशी मेलबर्नच्या भाच्याचा फोन आला. ही बातमी तिथपर्यंत पोचली होती. "मामा, एवढं कशाला करता? इकडे डॅम्पर करतात. मैदा, पाणी, मीठ, गोळा मळायचा आणि शेकोटीच्या राखेत पुरायचा. पूर्वी रानोमाळ गुरं हाकणारे लोक तेच खायचे." मी मोठ्या कौतुकाने आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रोडगाच की. त्याला सांग, गोवरीच्या विस्तवात भाज, जास्त खमंग होतो." ऑस्ट्रेलियाचा विषय तिथे संपला.

चौथ्या दिवशी थापणं जमलं, पण भाजणं राहिलं होतं. भाकरी तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची, नाहीतर तडे जातात. दुसरी बाजू नीट भाजली की मग आचेवर धरायची. आतल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रा सुटतो आणि भाकरी फुगते. हिचा व्हिडिओ कॉल आला तो नेमका पाणी फिरवताना. "अहो, उलटा! उलटा!" ती ओरडली. मी घाईत फोन उलटा केला. भाकरी करपली. न फिरवल्याने भाकरी करपते, हे शाळेत कोड्यात ऐकलं होतं, आता प्रात्यक्षिक झालं.

मी हात झटकले. "आई, नाही जमायचं मला."

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायची, आठवतं? अमेरिकेची. नावालाही विरी नव्हती तिला. तुम्ही तिघं भावंडं ताटं घेऊन बसायचात. फुगवलीच की मी. तुझ्याकडे तर मालदांडी आहे."

मला आठवत होतं ते फक्त ताट. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि भाकरी लाल आहे म्हणून रुसलो होतो. ती थापताना आईचं काय होत असेल, हा विचार करायला मला पासष्टावं वर्ष लागलं. मी पुन्हा पाणी उकळायला ठेवलं.

पाचव्या दिवशी भाकरी फुगली. पूर्ण नाही, पाऊण. पण फुगली! मी "आई!" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारचे काका तांब्याभर पाणी घेऊन धावत आले. ताटात भाकरी, वर लोण्याचा गोळा, कडेला लसणीची चटणी. आईने बोटांनी आधी भाकरीची कड चाचपली. मग मोडली. वाफ तिच्या तोंडावर आली. ती हळूहळू खात राहिली आणि मी परीक्षेच्या निकालाला उभा राहावा तसा समोर उभा. अर्धी झाली. मी वाट पाहिली. तिने उरलेली अर्धीही पुढे ओढली.

"कशी झालीय?"

"कड जाड आहे," आई म्हणाली. चटणीचं बोट चाटून तिने पाणी मागितलं आणि उठता उठता म्हणाली, "उद्या जरा पातळ थाप."

उद्या! मी लगेच गिरणीत गेलो आणि आणखी दोन किलो दळून आणलं. मग लक्षात आलं, फार आणून चालणार नाही, विरी जाईल. हरकत नाही. चार दिवसांनी पुन्हा जाईन.