हिममानवाचे साक्षीदार

गेल्या भजनी सप्ताहात आपली पाळी संपवून आम्ही सभामंडपातील खांबाला टेकून बसलो होतो. शेजारी मुलांत हिममानवाचा विषय निघाला होता. २०१९ च्या एप्रिलात भारतीय सैन्याने मकालूच्या तळाजवळील ३२ इंच लांब व १५ इंच रुंद अशा ठशांची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती, ती कोणी आठवली, कोणी हसले. तेव्हा एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे वळून म्हणाले, "वकीलबाब, इतल्या लोकांनी पळयलें, तें फट कशें आसतलें?"

प्रश्न साधा होता. परंतु देवळात बसून विचारलेल्या त्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न उभा आहे, असे आम्हांस जाणवले. त्या रात्री आम्ही उत्तर दिले नाही. ते आज देत आहोत.

या जुन्या कज्जाचे कागद चाळले की प्रथम एक गोष्ट ध्यानात येते. यातील पुष्कळशी साक्ष ऐकीव आहे. नेपाळात राहिलेल्या हॉजसनसाहेबांनी १८३२ मध्ये लिहून ठेवले की, त्यांची माणसे दोन पायांवर चालणाऱ्या एका केसाळ प्राण्याला भिऊन पळाली आणि त्यास ती 'राक्षस' म्हणत होती. साहेबांनी स्वतः तो पाहिला नव्हता. वॅडेल यांनी सिक्कीमच्या बर्फात मोठे ठसे पाहिले आणि कसून चौकशी केली. प्रत्येक हकीकत अखेर 'कोणीतरी सांगितलेले कोणीतरी ऐकले' येथे येऊन थांबते, असा अनुभव त्यांनी १८९९ च्या आपल्या ग्रंथात नमूद केला आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता. २०२४ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा अमलात आला, तरी नियम तोच राहिला.

ज्यांनी स्वतः पाहिले, त्यांच्या जबान्यांत एक विलक्षण साम्य आढळते. १९२५ मध्ये टॉम्बाझी नावाच्या छायाचित्रकारांना झेमू हिमनदीजवळ, सुमारे १५,००० फूट उंचीवर, एक काळी आकृती ताठ चालताना दिसली. अंतर २०० ते ३०० यार्ड. अवधी सुमारे एका मिनिटाचा. ती मध्येच वाकून खुरटी झुडपे उपटीत होती. बहुतेक साक्षी अशाच असतात: लांबून, क्षणभर, विरळ हवेत दमलेल्या माणसाने पाहिलेल्या, आणि भोवती उंची ताडून पाहण्यास ना झाड, ना घर. म्हणूनच प्राण्याची उंची कोणाच्या साक्षीत माणसाएवढी, तर कोणाच्या साक्षीत त्याहून कितीतरी अधिक. केस कोठे तांबूस, कोठे काळे. हिमालयात तांबूस अस्वल आहे, काळेही आहे, आणि दोन्ही मागच्या पायांवर उभी राहतात. टॉम्बाझींनी मात्र पुढे, ती आकृती एखाद्या एकांतवासी तपस्व्याची असावी, असा तर्क मांडला. एकाच आकृतीत जगाने पशू पाहिला आणि खुद्द साक्षीदाराने साधू!

ठशांचीही तीच कथा. १९५१ मध्ये मेनलुंग हिमनदीवर एरिक शिप्टन यांनी शेजारी बर्फाची कुऱ्हाड ठेवून घेतलेले सुमारे १३ इंची ठशाचे छायाचित्र जगभर गाजले. परंतु उन्हाने ठशाच्या कडा वितळतात आणि ठसा पसरतो. शिवाय अस्वलाचे मागचे पाऊल पुढच्याच्या खुणेवर पडले, की दोहोंचे मिळून एक लांब मानवी पाऊल दिसू लागते. पाऊल एकाचे, वाढविले उन्हाने.

नाव मिळाले, की साक्ष त्या नावाच्या साच्यात बसू लागते, ही यातील सर्वांत मोलाची गोष्ट. १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या वाटेवर दिसलेले ठसे हॉवर्ड-बरी यांना लांडग्याचे वाटले; भारवाहकांनी ते बर्फातील रानमाणसाचे म्हटले. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्रातील हेन्री न्यूमन यांनी त्या लोकांच्या एका शब्दाचा अर्थ 'घाणेरडा' असा घेतला आणि त्यास 'अबॉमिनेबल स्नोमॅन' असे भारदस्त इंग्रजी रूप दिले. त्यानंतर बर्फातील प्रत्येक अनोळखी खुणेला धनी आयताच मिळाला.

हे आम्ही ग्रंथांत वाचण्यापूर्वी न्यायालयात शिकलो होतो. आमच्या उमेदवारीच्या काळात एका कुळागरात रात्री कोयत्याचे वार झाले. तिघांनी चांदण्यात हल्लेखोरास पळताना पाहिले होते. पहिल्या दिवशी तिघेही इतकेच म्हणाले, की माणूस उंच होता. दोन दिवसांनी गावात एक नाव निघाले. आणि खटला उभा राहीपर्यंत तिघांनाही तोच चेहरा स्पष्ट दिसला होता. आम्ही सरकारी वकिलांच्या हाताखाली होतो. जबान्यांतील शब्दन् शब्द जुळतो, हे आम्ही मोठ्या अभिमानाने टिपून दिले. नऊ महिन्यांनी कोयता दुसऱ्याच घरात सापडला आणि त्या घरच्याने कबुली दिली. ते नऊ महिने एक निरपराध माणूस कोठडीत होता, आणि त्याची आई दर सोमवारी देवळाच्या पायरीवर बसलेली आम्ही येता-जाता पाहत होतो. ते तिघे साक्षीदार खोटे नव्हते. त्यांनी पाहिले ते खरे होते. पाहिलेल्याला दिलेले नाव खोटे होते.

म्हणून गिर्यारोहक मेसनर यांच्याविषयी आम्हांस आदर वाटतो. १९८६ मध्ये तिबेटात रात्रीच्या अंधारात असाच प्राणी त्यांना दिसला. त्यांनी कित्येक वर्षे शोध घेतला आणि तो तांबूस अस्वलच, असा निष्कर्ष स्वतःच छापला. साक्षीदाराने आपलीच उलटतपासणी घ्यावी, हे विरळा. पुढे २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांनी 'यती'चे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. खुमजुंगच्या गोम्पात यतीच्या डोक्याची म्हणून एक टोपीसारखी कातडी जपलेली आहे. १९६० मध्ये हिलरी यांनी ती तपासणीसाठी मागितली. गावाने सहा आठवड्यांच्या बोलीवर दिली आणि सोबत आपला एक वडीलधारा माणूस, खुंजो चुंबी, पाठविला. शिकागो, पॅरिस, लंडन असा प्रवास झाला. ती सेरो नावाच्या रानबोकडाच्या कातडीची ठरली. गावाने ती परत नेली आणि गोम्पात होती तेथे ठेवली. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. आपल्या पालखीतील मुखवटा कोणत्या धातूचा, हे सोनार सांगू शकतो. म्हणून त्यापुढे जोडलेले हात खाली येत नाहीत. तो मुखवटा कोणावर आरोप करीत नाही. साक्ष मात्र आरोप करते; म्हणून ती तोललीच पाहिजे.

तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांस आमचे उत्तर असे: इतक्या लोकांनी पाहिले, ते फट नव्हे. तेथे खरोखर कोणीतरी उभे होते. कोण उभे होते, हे सांगण्यापूर्वी घटकाभर थांबावे, एवढेच. त्या आईच्या दर सोमवारांनी आम्हांस इतके शिकविले आहे.